पायाला रक्त कमी पडते तेव्हा

आपल्या बोलण्यातला ‘नस’ हा शब्द मोठा सोशिक आहे. मानेत चमक भरली की नस दबते, पोटरीत गोळा आला की नसेवर नस चढते, पायावर निळ्या गाठीगाठींच्या दोऱ्या उमटल्या की नसा फुगतात आणि पायाचे बोट काळवंडू लागले की नस सुकते. आता यांतली पहिली गोष्ट मज्जातंतूची, दुसरी स्नायूची, तिसरी नीलेची आणि चौथी रोहिणीची. चार निराळ्या गोष्टींना आपण एकच नाव देऊन बसलो आहोत, आणि ज्यांना तेवढीही तसदी नको असते ते ‘वात आहे’ असे म्हणून मोकळे होतात. भाषेचा विद्यार्थी या नात्याने शब्दांच्या अशा ऐसपैसपणाचे मला एरवी कौतुकच वाटते. परंतु दुखऱ्या पायावर उपाय करण्याची वेळ आली की हाच ऐसपैसपणा नडतो. कारण या चौघांचे उपाय एकमेकांपासून वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर कधी कधी पाय जातो.

प्रस्तुत लेख यांतल्या चौथ्या गोष्टीविषयी, म्हणजे पायाला रक्त नेणाऱ्या रोहिणीविषयी आहे. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे. २०२२ साली माझे मामा याच विकाराने जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात एकोणीस दिवस होते आणि त्यांच्या उशाशी मी होतो. तेथील डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून मी पुरेसे भंडावले, पुढे पुस्तके मिळवून वाचली, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे. कलाशाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. पाय सर्व शाखांना असतात, एवढेच त्याला उत्तर.

प्रथम थोडी रचना समजून घेऊ. हृदयातून निघालेली महारोहिणी पोटातून खाली उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर तिचे दोन फाटे होतात, एकेका पायाला एकेक. हा फाटा जांघेतून मांडीत शिरतो, मांडीतून गुडघ्याच्या मागच्या खळग्यात येतो, आणि गुडघ्याखाली त्याच्या तीन शाखा होऊन त्या पावलापर्यंत पोचतात. रोहिण्या बारीक होत होत केसासारख्या सूक्ष्म वाहिन्या होतात, तेथे रक्त आपला प्राणवायू स्नायूंना देते, आणि मग नीलांच्या वाटेने परत वर हृदयाकडे निघते. येताना उतार, जाताना चढ. चढावर रक्त मागे घसरू नये म्हणून नीलांमध्ये जागोजाग झडपा असतात, आणि चालताना पोटरीचे स्नायू आवळून नीलांतले रक्त वर ढकलतात. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणतात.

रक्त असे गोल फिरते ही गोष्ट विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केली, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी. नीलांतल्या झडपा त्याचे पादुआ येथील गुरू फाब्रिशियस यांनी पाहिल्या होत्या. पण त्या एकाच दिशेने उघडतात याचा अर्थ काय, हे शिष्याच्या लक्षात आले. दंडाला पट्टी बांधून, फुगलेली शीर बोटाने दाबून त्याने ते लोकांना दाखवून दिले. या झडपांची वाचकांनी आठवण ठेवावी, पुढे त्या आणखी दोनदा भेटणार आहेत.

आता रक्त कमी पडते म्हणजे काय होते? आमच्या निफाड भागात पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. पाटात गाळ साचला की पहिली झळ बसते ती टेलच्या, म्हणजे शेवटल्या टोकाच्या शेतकऱ्याला. पावसाळ्यात पिकांची मागणी कमी असते तोवर त्याचेही निभावते, पण उन्हाळ्यात सगळ्यांनाच पाणी हवे असते तेव्हा त्याची चारी कोरडी राहते. पाय हे शरीराचे टेल आहे. माणूस बसलेला असताना पोटरीच्या स्नायूंना थोडे रक्त पुरते. चालू लागला की त्यांना कित्येक पट जास्त लागते, आणि अरुंद झालेली रोहिणी तेवढे देऊ शकत नाही. स्नायू उपाशीपोटी काम करू लागतात आणि दुखतात. माणूस थांबतो, मागणी कमी होते, दोनपाच मिनिटांत दुखणे जाते. पुन्हा चालू लागला की तेवढ्याच अंतरावर पुन्हा दुखते.

हे ‘तेवढ्याच अंतरावर’ फार महत्त्वाचे आहे. वैद्यकात या लक्षणाला ‘क्लॉडिकेशन’ म्हणतात. लंगडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून हा शब्द आला. (रोमचा सम्राट क्लॉडियस खरोखरच लंगडत असे. पण ते नाव त्याच्या घराण्याचे, त्याच्या पायाचे नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सांगण्याआधी मीच सांगतो.) गमतीची गोष्ट अशी की हे लक्षण नीट नोंदवले गेले ते प्रथम माणसाच्या बाबतीत नव्हे, घोड्याच्या बाबतीत. १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने गाडीचा एक घोडा पाहिला. थोडे अंतर धावला की तो लंगडे, विश्रांती मिळाली की पुन्हा ठीक. त्याच्या मागच्या पायाची रोहिणी बंद झालेली होती. माणसातही असेच होते हे पॅरिसच्या शार्को यांनी १८५८ मध्ये दाखवले. मधली सत्तावीस वर्षे माणसे ‘वात’ म्हणूनच लंगडत असणार. जर्मन लोक या विकाराला दुकानांच्या काचा पाहण्याचा आजार म्हणतात, कारण रस्त्यात मध्येच थांबायला लाज वाटते म्हणून रुग्ण दुकानातल्या वस्तू पाहत असल्याचे सोंग करतो.

आमचे मामा दुकानांच्या काचा पाहत नसत. ते कांद्याच्या बाजारात मापारी. बसथांब्यापासून बाजार समितीच्या फाटकापर्यंत वाटेत दोन पानपट्ट्या लागतात. त्या दोन्ही ठिकाणी ते थांबत, विडी पेटवीत, चार शब्द बोलत आणि पुढे जात. वय अवघे एकोणचाळीस. पहिल्यांदा तळपायाच्या कमानीत कळ येई, मग पोटरीत येऊ लागली. कुणी म्हणाले कंबरेची गादी सरकली, म्हणून कंबरेचा फोटो निघाला आणि कंबरेला पट्टा आला. पाच महिने पट्टा वापरून झाला. मामींनी वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायाला शेक दिला. त्या शेकाने अंगठ्याच्या बाजूला फोड आला, तो फुटला आणि भरून येईना. मग रात्रीची झोप गेली. आडवे झाले की पाऊल ठणके. खाटेवरून पाय खाली लोंबता सोडला की जरा बरे वाटे. म्हणून मामा महिनाभर भिंतीला टेकून, पाय खाली सोडून, बसूनच झोपले.

या दोन गोष्टींत, म्हणजे ठरावीक अंतरावर थांबण्यात आणि रात्री पाय लोंबता सोडण्यात, सगळे निदान होते. विकाराच्या पहिल्या पायरीवर चालताना दुखते आणि शेवटच्या पायरीवर स्वस्थ पडल्यावरही दुखते. कारण आता विश्रांतीपुरतेही रक्त पोचत नाही, आणि पाय खाली सोडला तरच गुरुत्वाकर्षणाने थोडेसे उतरते. यापुढची पायरी म्हणजे न भरणारी जखम आणि कोथ, ज्याला आपण गँगरीन म्हणतो. कंबरेच्या दुखण्याची तऱ्हा याहून निराळी. कण्यातली जागा अरुंद झाल्यानेही चालताना पाय दुखतात, पण त्या माणसाला नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा वाकावे लागते. तो सायकल तासभर चालवील, पण सरळ उभा राहून चालू शकणार नाही. रोहिणीच्या रुग्णाला मात्र नुसते उभे राहिले तरी पुरते. हा एक प्रश्न पाच महिन्यांत कुणी मामांना विचारला नाही.

शेवटी विचारला तो ग्रामीण रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरने. तो त्याने विचारला आणि मामांच्या पावलावर दोन बोटे ठेवून डोळे मिटले. मनगटावर नाडी लागते हे आपल्याला माहीत असते. तशीच ती पायातही चार ठिकाणी लागते: जांघेत, गुडघ्यामागच्या खळग्यात, आतल्या घोट्याच्या मागे, आणि पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या कंडरेच्या किंचित बाहेर. घोट्याची आणि पावलाची नाडी कुणालाही शोधता येते. बोटे हलकी ठेवावी लागतात, जोर दिला तर नाडी दबून जाते. काही निरोगी माणसांतही पावलाच्या पाठीवरची नाडी जन्मतःच सापडत नाही, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नये. पण घोट्यामागचीही नाही आणि चालताना पाय दुखतो, तर मग प्रश्न गंभीर आहे. मामांची जांघेतली नाडी छान लागत होती, गुडघ्यामागचीही लागत होती. त्याखाली काही नव्हते.

नंतर डॉक्टरांनी मामांना उताणे निजवून दोन्ही पाय वर धरले. मिनिटाभरात दुखरे पाऊल मेणासारखे पांढरे पडले. मग पाय खाटेखाली सोडायला लावले, तेव्हा तेच पाऊल हळूहळू लालजांभळे झाले. निरोगी पावलाचा रंग असा बदलत नाही. या परीक्षेला बर्गर यांचे नाव आहे. त्यांच्याकडे आपण लवकरच येऊ.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पुढली परीक्षा झाली तिला फारसे काही लागत नाही: रक्तदाब मोजायचा पट्टा आणि डॉप्लर नावाचे पेनाएवढे यंत्र. ख्रिस्तियान डॉप्लर हे प्रागचे प्राध्यापक. जोडताऱ्यांच्या प्रकाशाच्या रंगाविषयी त्यांनी १८४२ साली जो सिद्धांत मांडला, तोच आज वाहत्या रक्ताचा आवाज ऐकायला उपयोगी पडतो. आकाशातले तत्त्व पावलापर्यंत कसे उतरते पाहा. या यंत्राच्या साहाय्याने दंडावरचा आणि घोट्यावरचा वरचा रक्तदाब मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. भागाकार १ ते १.४ आला तर ठीक. ०.९ किंवा त्याहून कमी आला तर रोहिणी अरुंद झाली आहे असे समजावे. ०.४ च्या खाली गेला तर पाय धोक्यात आहे. मामांचा दंडावरचा दाब १२० होता आणि घोट्यावरचा ६६, म्हणजे ०.५५. हा हिशेब मी स्वतः केसपेपरच्या पाठीवर केला. गणितात कच्च्या असलेल्या माणसालाही तो जमतो. मधुमेह जुना असेल तर मात्र आकडा फसवा येतो, कारण रोहिणीच्या भिंतीत चुना साचून ती नळीसारखी कडक होते, पट्ट्याने दबत नाही, आणि भागाकार १.४ च्या वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात.

अडथळा नेमका कोठे आहे हे सोनोग्राफीसारख्या रंगीत डॉप्लरवर दिसते. शस्त्रक्रियेचा किंवा फुग्याचा विचार असेल तरच रोहिणीत औषध सोडून चित्र घेतात, त्याला अँजिओग्राफी म्हणतात. मामांच्या चित्रात गुडघ्याखालच्या मोठ्या वाहिन्या मध्येच तुटल्यासारख्या दिसत होत्या, आणि त्यांच्या भोवती बुचाच्या स्क्रूसारख्या पिळदार बारीक वाहिन्या तयार झाल्या होत्या. मुख्य रस्ता बंद झाल्यावर शरीराने काढलेल्या त्या पायवाटा.

ते चित्र पाहून मोठ्या डॉक्टरांनी मामांना विचारले, “विडी किती ओढता?”

“दोन बंडलं, साहेब.”

“केव्हापासून?”

“चौदाव्या वर्षापासून असंल. पण पाय दुखतो म्हणून थांबावं लागतं, आन् थांबलं की ओढली जाते. नाद म्हणून नाही.”

डॉक्टर म्हणाले, “मामा, उलटं आहे. ओढता म्हणून थांबावं लागतं.”

साठीपुढच्या माणसांत हा विकार बहुधा रोहिणीच्या आतल्या भिंतीवर चरबीचे थर बसून होतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातले कोलेस्टेरॉल ही त्याची चार कारणे प्रमुख. परंतु मामांचा आजार दुसरा होता. तरुण, बहुतेक पुरुष, सगळे तंबाखूचे गिऱ्हाईक, आणि सुरुवात हातापायांच्या टोकाकडच्या बारीक वाहिन्यांपासून, अशी त्याची ओळख. ऑस्ट्रियाच्या विनिवार्टर यांनी १८७९ मध्ये असा एक रुग्ण नोंदवला होता. पुढे न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर यांनी कापून काढलेल्या पायांतील वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. वाहिनीच्या भिंतीला सूज येते, आत गुठळी होते आणि वाट बंद पडते. भारतात, आणि विडी ओढणाऱ्या कष्टकरी माणसांत, बर्गरचा हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. हातांनाही तो धरतो. म्हणून डॉक्टरांनी मामांना मूठ आवळायला लावून मनगटाच्या दोन्ही नाड्या दाबल्या आणि मग एकेक सोडून तळहातावर लाली परत येते का हे पाहिले. ही युक्ती ॲलन यांनी १९२९ साली याच आजारासाठी काढली.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मार्फत आली. अकबराच्या अखेरच्या काळात असद बेग नावाच्या सरदाराने विजापुराहून ती बादशहाकडे नेली, तेव्हा दरबारातल्या हकिमाने तिला विरोध केल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. हकिमाचे कुणी ऐकले नाही. सिन्नरला, सोलापूरला घरोघर बायका विड्या वळतात, भंडारा-गोंदियाच्या जंगलात तेंदूची पाने तोडली जातात, आणि त्यावर कित्येकांची चूल पेटते. त्यामुळे ‘विडी सोडा’ हे सांगणे सोपे नाही, हे मला कळते. पण बर्गरच्या आजारात याला पर्याय नाही. विडी कमी करून भागत नाही, विडीऐवजी मळलेली तंबाखू चालत नाही, मिश्रीही नाही. ज्यांनी पूर्णपणे सोडली त्यांचे पाय बहुधा वाचतात. ज्यांनी चोरून चालू ठेवली ते एकेक बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय असे देत जातात. आमच्या वॉर्डात तिसऱ्या खाटेवर असे एक गृहस्थ होते. एक पाय गेलेला, दुसऱ्याला पट्टी, आणि उशीखाली बंडल.

उपचारांत तंबाखूनंतरचा क्रमांक चालण्याचा. हे ऐकून मी चकित झालो. ज्या चालण्याने दुखते तेच औषध! पण त्यात तर्क आहे. पोटरी दुखू लागेपर्यंत चालायचे, दुखणे मध्यम झाले की थांबायचे, गेले की पुन्हा चालायचे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, निदान तीन महिने. स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात काम भागवायला शिकतात आणि चालण्याचे अंतर वाढते. पावलावर जखम किंवा कोथ असेल, किंवा पाय रात्री पडल्या जागी ठणकत असेल, तर मात्र हा उपाय नाही, आधी रक्त पोचवावे लागते. औषधांत ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल गुठळी होऊ नये म्हणून देतात. चरबीचा विकार असेल तर स्टॅटिन गटातली गोळी देतात. सिलोस्टाझॉल या गोळीने चालण्याचे अंतर काहीसे वाढते, पण हृदय दुर्बल असेल तर ती चालत नाही. कोणती गोळी कुणाला, हे डॉक्टरांनीच ठरवावे. एक गोष्ट मात्र रुग्णाच्या घरच्यांनी समजून घेतली पाहिजे: चरबीने पायाची रोहिणी अरुंद झाली असेल तर हृदयाची आणि मेंदूची तशी झालेली असण्याचा संभव असतो. अशा माणसाला पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराच्या झटक्याचे भय अधिक. पाय केवळ आधी सांगतो.

अडथळा दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आतून वाट मोठी करणे. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या पावलाला कोथ लागला होता आणि पाय कापून घ्यायला ती तयार नव्हती. डॉटर यांनी मांडीच्या रोहिणीतून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून अरुंद जागा रुंद केली. पाऊल वाचले आणि आजीबाई पुढे आपल्या दोन्ही पायांवर चालत राहिल्या. झुरिकच्या ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये नळीच्या टोकाला फुगा बसवला आणि आज जी सर्वत्र चालते ती अँजिओप्लास्टी सुरू झाली. हा फुगा त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात बसून घडवला. हृदयाच्या अँजिओप्लास्टीचे नाव आपण रोज ऐकतो, पण तिचा जन्म पायात झाला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

दुसरा मार्ग बायपासचा. पॅरिसच्या कुन्लिन यांनी १९४८ मध्ये रुग्णाच्या पायातलीच एक लांब नीला काढून ती बंद जागेच्या वर आणि खाली रोहिणीला जोडली. आता येथे हार्वेच्या झडपा पुन्हा भेटतात. नीलेतल्या झडपा रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. म्हणून ती नीला उलटी करून, वरचे टोक खाली आणि खालचे वर, अशी जोडावी लागते. १६२८ सालचे ज्ञान विसरले तर १९४८ ची शस्त्रक्रिया फसेल.

मामांच्या बाबतीत यांतले काहीच फारसे शक्य नव्हते. बर्गरच्या आजारात पावलाजवळच्या वाहिन्याच बंद झालेल्या असतात, त्यामुळे नवी नळी जोडायला खाली जागा उरत नाही. दोन बोटे काढावी लागली. जखमेची देखभाल, वेदनाशामक औषधे, आणि विडी बंद. सोडायला त्रास फार झाला. चिडत, रडत, जेवणाचे ताट सारून देत. मामी बाजूला बसून बडीशेप पुढे करीत. चार महिन्यांनी जखम भरली. आज ते बाजार समितीत बसून मापाच्या पावत्या लिहितात.

शेकाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण घरोघर तो चालतो. गार पडलेला पाय पाहून माणसाला वाटते याला ऊब द्यावी. पण उष्णतेने स्नायूंची आणि कातडीची भूक वाढते, रक्त तर वाढत नाही, आणि भाजलेले भरून येत नाही. अशा पायाला वीट, गरम पाण्याची पिशवी, शेगडी यांपैकी काहीही लावू नये. लोकरीचा मोजा घालावा, तो सैल असावा. पाय उशीवर उंच ठेवू नये. नखे बारीक कापू नयेत, कुरूप ब्लेडने घरी खरवडू नये. मधुमेही माणसाने तर दुप्पट जपावे, कारण त्याच्या पायातली संवेदनाच कमी झालेली असते. रोहिणी बंद होत आली तरी त्याला दुखत नाही, म्हणून तो थांबतही नाही. वारीच्या वाटेवर अनवाणी चालताना तापलेल्या डांबराने पाय पोळला तरी त्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा फोडाची जखम झालेली असते. रोज रात्री तळपाय पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा धरावा.

येथे आमच्या प्राध्यापक मंडळींना वाटू शकेल की फळ्यासमोर उभे राहून संध्याकाळी आमचे पाय जड होतात, सुजतात, घोट्यावर निळ्या गाठी दिसतात, ते हेच असेल. ते बहुधा हे नव्हे. ते नीलांचे दुखणे. तासन्‌तास उभे राहिल्याने, आणि पुष्कळदा घराण्यातूनही, त्या झडपा नादुरुस्त होतात आणि रक्त खाली साचते. येथे सगळेच उलटे असते: चालल्याने बरे वाटते, पाय उंच ठेवल्याने बरे वाटते, आणि घट्ट लवचीक मोजे हा पहिला उपचार. फार वाढल्यास आजकाल लेसरने किंवा विद्युत्‌लहरींच्या उष्णतेने ती नीला आतून बंद करतात. पण हेच घट्ट मोजे रोहिणीच्या रुग्णाने घातले तर उरलेसुरले रक्तही अडेल. म्हणून औषधांच्या दुकानातून मोजे आणण्यापूर्वी घोट्याची नाडी कुणाकडून तरी तपासून घ्यावी. तासिका संपल्यावर टाचा पंधरा-वीस वेळा उचलणे मात्र कुणालाही करता येईल.

आतापर्यंत सांगितले ते हळूहळू होणारे दुखणे. कधी कधी ते एका क्षणात होते. हृदयाची लय बिघडलेली असेल तर हृदयात झालेली गुठळी सुटून पायाच्या रोहिणीत अडकते. चांगला चालता माणूस एकाएकी किंचाळतो. पाय पांढरा, गार, बधिर होतो, नाडी जाते, बोटे हलेनाशी होतात. गुठळी ओढून काढण्याची नळी टॉमस फोगर्टी या अमेरिकन शल्यविशारदाने शिकाऊपणीच बनवली. शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याचे बोट कापून त्याने ते नळीच्या टोकाला बांधले. मासेमारीच्या गळाला कृत्रिम माशी बांधतात ती गाठ त्याला येत होती. मिटलेला फुगा गुठळीच्या पलीकडे न्यायचा, फुगवायचा आणि मागे ओढायचा. १९६३ साली त्याने ही युक्ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती जगभर वापरली जाते. पण स्नायू रक्तावाचून साधारण सहा तासच तग धरतात. अशा पायाला तेल चोळू नये, शेकू नये, सकाळपर्यंत वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया जेथे होते तेथेच न्यावे, आणि घरातून निघतानाच फोन करून शल्यविशारद जागेवर आहेत की नाहीत हे विचारून घ्यावे.